कबुतरवाल्याची साक्ष

माझा भाऊ जौदत याला कुणी मुलगी दिली नाही. दिसायला वाईट नव्हता, हातात कसब होतं, नाब्लुसच्या बाजारात गाद्या शिवायचा. पण आमच्या गच्चीवर कबुतरांची ढाबळ होती, आणि आमच्या निर्वासितांच्या कॅम्पात कबुतरवाल्याला मुलगी देत नाहीत. का, तर म्हणे तो दिवसभर गच्चीवर उभा राहून लोकांच्या अंगणातल्या बायका बघतो. मी सांगते, त्या माणसाने जन्मात कुणाची बायको नीट पाहिली नाही. सख्ख्या बहिणीच्या तोंडाकडे बघायला त्याला सवड नव्हती. मान सदानकदा वर. रस्त्याने चालतानाही आभाळाकडे बघत चालायचा आणि गटारात पाय घालायचा.

मी विधवा होऊन बापाच्या घरी परत आले, तेव्हापासून त्याचा स्वयंपाक, त्याचे कपडे आणि त्याच्या कबुतरांची घाण, तिन्ही माझ्या गळ्यात पडली. वाळत घातलेली एक चादर कधी स्वच्छ खाली आली असेल तर शपथ. मी बोंब मारायची, आणि तो म्हणायचा, "ताई, हळू बोल, पांढरी अंड्यावर बसलीय."

कबुतरवाल्याबद्दल आणखी एक गोष्ट आमच्यात लहान पोरालाही ठाऊक असते. त्याची साक्ष चालत नाही. काझीपुढे नाही, पंचांपुढे नाही, कुठेच नाही. कारण त्याचं अर्धं आयुष्य दुसऱ्याची कबुतरं पळवण्यात जातं आणि उरलेलं अर्धं, मी पळवली नाहीत, अशा शपथा घेण्यात. दोन गच्च्यांवरून दोन थवे उडवायचे. वर ते एकमेकांत मिसळले की दोघांनी खालून शीळ घालायची, काठीला बांधलेलं काळं फडकं फिरवायचं. गोंधळलेलं पाखरू ज्याच्या गच्चीवर उतरलं त्याचं झालं. दुसरा दारात आला की हा अल्लाची शपथ घेणार, की तुझं पाखरू मी पाहिलंच नाही. हा त्यांचा खेळ. आता असल्या तोंडावर कोण विश्वास ठेवणार?

आमच्या समोरच्या गल्लीत रुश्दीची गच्ची होती. हा पाण्याच्या टाक्या बसवायचा, नळ दुरुस्त करायचा. घरात म्हातारी आई, बायको आणि लमीस नावाची रांगती मुलगी. जौदतचा एकमेव दुश्मन कोण, तर हा. एकमेव मित्र म्हणावा तर तोही हाच, कारण दोघे दुसऱ्या कुणाशी बोलतच नसत. गच्चीवरून गच्चीवर ओरडायचे, सगळी गल्ली ऐकायची.

"जौदत, तुझी ती पांढरी कोंबडी आज उडणार आहे का?"

"उडेल, उडेल. तू आधी स्वतःचं बूड उचल. बायको खाली नळासाठी बोंबलतेय, तुझ्याच घरचा गळतोय."

"नळ गळला तर गळू दे. तुझं नाक तर बारा महिने गळतंय."

असं चालायचं. मला हसू यायचं, पण मी तोंड वाकडं करून आत जायची. हसले असते तर तो शेफारला असता.

रुश्दीकडे एक मादी होती. ठिपक्याठिपक्यांची, डोक्यावर तुरा, पायांवर पिसांचा झगा. तिचं नाव नवरी. तिच्या पायात त्याने लाल दोऱ्यात निळा मणी बांधला होता, दृष्ट लागू नये म्हणून. बायकोच्या गळ्यात कधी काही घातलं नाही, पण या बयेच्या पायात मणी. एका उन्हाळ्यात ती नवरी गेली. उडाली ती परत आलीच नाही. रुश्दी आमच्या दारात आला, रडवेला झाला होता.

"जौदत, बाकीची सगळी ठेव. ती तेवढी दे."

"माझ्याकडे नाही."

"शपथ घे."

"घेतली."

"इथे नाही. मशिदीत घे."

आणि घेतली की त्याने. मशिदीच्या अंगणात, हाजी बर्हूमसमोर, कुराणावर हात ठेवून. हाजी बर्हूम म्हणजे कॅम्पातला सगळ्यात वडीलधारा माणूस, भांडणं मिटवायला त्याच्याकडे जायचं. जौदत घरी आला तेव्हा मी विचारलं, "खरंच नाही ना रे?" तो म्हणाला, "ताई, तू पण?" ढाबळीत मी स्वतः डोकावले होते, नवरी तिथे नव्हतीच. रुश्दीने पुढे कित्येक महिने आमच्या गच्चीकडे पाठ करून कबुतरं उडवली. मग पुन्हा शिव्यागाळी सुरू झाली, तेव्हा मला बरं वाटलं.

त्यानंतरचं ते दुसऱ्या इंतिफादाचं, फौजेविरुद्धच्या उठावाचं, वाईट वर्ष. फौज आज आत, उद्या बाहेर. रोज कुणाच्या तरी दारात शोकाच्या खुर्च्या मांडलेल्या. ईहाब नावाचा आमच्या कॅम्पातला पोरगा, फौजेला हवा होता, रोज वेगळ्या घरात झोपायचा. गुरुवारी दुपारच्या नमाजानंतर तो गाडीने गल्लीच्या तोंडाशी वळला आणि हेलिकॉप्टरने ती गाडी उडवली. आमच्या घराच्या खिडक्या आत आल्या. ईहाबचं जे सापडलं ते ब्लँकेटात गोळा करून इस्पितळात नेलं.

आणि त्याच वेळी निम्म्या कॅम्पाने काय पाहिलं, तर गल्लीच्या बरोबर वर, गच्चीच्या कठड्याशी उभा रुश्दी, काठीला बांधलेलं काळं फडकं आभाळाकडे फिरवतोय.

झालं. एवढं पुरलं. जी माणसं त्याला वर्षानुवर्षं ते फडकं फिरवताना बघत होती, त्यांनीच सांगितलं की हेलिकॉप्टरला खूण करत होता. कुणाला आठवलं की मागच्या महिन्यात फौजेच्या नाक्यावर त्याला शिपायांनी लवकर सोडलं होतं. कुणाला आठवलं की तो टाक्या बसवायला सगळ्यांच्या गच्च्यांवर चढतो, कोण कुठे झोपतं ते त्याला दिसतं. हीच मंडळी आदल्या आठवड्यात, आमची टाकी गळतेय, जरा येऊन जा रे बाबा, म्हणून त्याच्या विनवण्या करत होती. दिवस मावळायच्या आत तोंडं झाकलेली बंदूकवाली पोरं येऊन त्याला घेऊन गेली. आई दारात आडवी पडली, तर तिला ओलांडून गेली.

जौदत जेवायला बसेना. ताटातल्या मसूरभातात बोट फिरवत बसला.

"ताई, तो माझ्या पांढऱ्याला बोलावत होता."

"बरं मग?"

"मग काय? मी समोर उभा होतो ना. अजानच्या आधीपासून तो फडकं फिरवत होता. माझा पांढरा नर त्याच्या थव्यात घुसला होता. हेलिकॉप्टर त्याच्या पाठीमागून आलं. त्याने वळूनसुद्धा पाहिलं नाही. गाडी तर त्याला दिसतच नव्हती, मध्ये टाकी आहे."

"हे तू कुणाला सांगणार?"

"त्यांना."

"जौदत, गुमान जेव. ते तुलाही बांधतील."

"वर दुसरं कोण बघत होतं, ताई? सगळे खाली बघत होते. वर मी एकटाच बघत होतो."

त्याचा जन्म त्या मान वर करण्यात फुकट गेला असं मी रोज म्हणायची. त्या दिवशी मी त्याचं ताट उचलून झाकून ठेवलं.

शुक्रवारी नमाज झाल्यावर गाडीवरच्या कर्ण्यातून पुकारा झाला, की खबऱ्याने सगळं कबूल केलंय, चौकात या. कबूल का नाही करणार? त्याच्या उजव्या हाताची बोटं मी पाहिली, ती बोटं राहिली नव्हती. ज्यांनी ती तशी केली त्यांनी मला माझ्या सासूचं नाव घ्यायला लावलं असतं तर मीही घेतलं असतं. बेकरीसमोरच्या विजेच्या खांबाला त्याला बांधला होता, डोळ्यांवर चिंधी, अंगात आदल्या दिवशीचीच बनियन. आणि माणसं किती जमली म्हणून सांगू. मेंढ्या घ्यायला ईदच्या बाजारात जमतात तशी. बापांनी पोरांना खांद्यावर घेतलं होतं. बेकरीवाल्याने आपली स्टुलं बाहेर काढून म्हाताऱ्यांना बसायला दिली. कलिंगडाच्या भाजलेल्या बिया खात, सालं थुंकत लोक उभे होते. माझ्या शेजारच्या बाईने मलाही मूठभर देऊ केल्या.

रुश्दीच्या आईला आणि बायकोला घरात कोंडून बाहेरून कडी घातली होती. त्या पोरांचा पुढारी होता मुअय्यद. तोंडाला रुमाल गुंडाळला म्हणून काय झालं? त्याच्या फेंगड्या ढेंगा सगळ्या कॅम्पाला ठाऊक. लहानपणी शेंबूड पुसून मी त्याला शाळेत पोचवलेला. त्या दिवशी त्याच्या हातात बंदूक होती, म्हणून सगळे त्याला "सरदार" म्हणत होते.

"कुणाला याच्या बाजूने काही बोलायचंय?" त्याने विचारलं. ते विचारायची रीत होती, म्हणून विचारलं. बोलतो कोण?

"मला," माझा भाऊ म्हणाला.

मी त्याचा सदरा मागून ओढला, तर सदऱ्याचं बटण माझ्या हातात आलं. तो पुढे गेला. त्याने सांगितलं. घरी मला सांगितलं तसंच, शब्दही इकडचा तिकडे नाही. अजान, पांढरा नर, पाण्याची टाकी, पाठीमागून आलेलं हेलिकॉप्टर. जन्मात चार माणसांत न बोललेला माणूस, पण नीट बोलला. लोक बिया चघळायचे थांबले. मला वाटलं, ऐकतायत. अल्ला, खरंच ऐकतायत.

मग स्टुलावरून हाजी बर्हूम खाकरला.

"जौदत, बाळा, तू करतोस काय?"

"गाद्या शिवतो, हाजी."

"ते पोटासाठी. गच्चीवर काय करतोस?"

मागून कुणीतरी कबुतरासारखं घुमलं. सगळा चौक हसला. हाजीने हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. "कबुतरवाल्याची साक्ष चालत नाही. माझ्या बापाच्या वेळी चालत नव्हती, त्याच्या बापाच्या वेळी चालत नव्हती. तुझ्यासाठी नवी रीत कुठून आणू?"

"पण मी खरं सांगतोय, हाजी."

"असशीलही. पण चालत नाही."

मुअय्यद म्हणाला, "ऐकलंस? जा, दाणे टाक जा."

माझा भाऊ हलला नाही. त्याने रुश्दीकडे पाहिलं, हाजीकडे पाहिलं. मग हळूच विचारलं, "कबुतरवाला नसलो तर चालेल?"

"म्हणजे?"

"एकही कबुतर माझ्याकडे राहिलं नाही तर? मग मी नुसता गादीवाला. मग चालेल ना?"

हाजी दाढी कुरवाळायला लागला. लोकांना मजा वाटायला लागली. कुणी म्हणालं चालेल, कुणी म्हणालं नाही, पैजा लागायची वेळ आली. मुअय्यदने रस्त्याच्या टोकाकडे एकदा पाहिलं, मग म्हणाला, "जा. सगळी मारून इथे आणून टाक. मग बघू."

जौदत धावत सुटला. मी त्याच्या मागे. जिन्यात त्याला गाठला, सदरा धरला, म्हटलं, "वेड्या, विकून टाक, सोडून दे, मारतोस कशाला?"

"सोडली तर परत येतात, ताई. ती माझ्याकडेच परत येतात."

मी ढाबळीच्या दारात उभी राहिले. तो एकेक हातात घ्यायचा, अंगठ्याने मान वाकवायचा, पोत्यात टाकायचा. मदतीच्या पिठाचं रिकामं पोतं होतं ते. सुरी घेतली नाही, अल्लाचं नाव घेतलं नाही. मी म्हटलं, "निदान नाव घेऊन काप." तो म्हणाला, "नाव घेऊन कापली तर लोक खातील." पांढऱ्या नराला त्याने आधी एकदा गालाला लावलं. अंड्यांवर बसलेल्या मादीला उचललं तेव्हा अंडी गरम होती, त्याने ती माझ्या हातात दिली. मी काय करणार होते त्यांचं? रडत होता असं मला म्हणायचंय, पण तो रडत नव्हता. गादीत कापूस भरताना करायचा तसं तोंड करून भरत होता.

ढाबळ रिकामी झाली. मी म्हटलं, "झालं, चल." तो उभाच राहिला. मग पाण्याच्या टाकीमागे गेला, गोणपाट बाजूला केलं, आणि तिथून, मला पाठमोरा राहून, आणखी एक काहीतरी पोत्यात टाकलं. काय ते मला दिसलं नाही. मला वाटलं, आजारी पाखरू वेगळं ठेवलं असेल.

चौकात आलो तेव्हा लोक आमची वाट बघत होते. जौदतने पोतं उलटं केलं. बेकरीसमोर पिसांचा ढीग पडला. काही पंख अजून हलत होते. पोरं पुढे घुसली. जौदत छाती फुगवून हाजीसमोर उभा राहिला. "एकही नाही राहिलं. शोधा घर. आता माझी साक्ष घ्या."

हाजी बर्हूम, खोटं का सांगू, हेलावला होता. डोळ्याला रुमाल लावत होता. तो काहीतरी बोलणार, तेवढ्यात एक पोरगं ढिगातून एक मेलेलं पाखरू पाय धरून वर उचलून नाचवायला लागलं. ठिपक्याठिपक्यांचं. डोक्यावर तुरा. पायात लाल दोरा, दोऱ्यात निळा मणी.

सगळ्या कॅम्पाला ती ठाऊक होती. आधी एक बाई म्हणाली, "अगं बाई, ही तर नवरी." मग सगळेच म्हणाले.

मी माझ्या भावाकडे पाहिलं. मला त्याच्या दोन मुस्काटात द्याव्याशा वाटल्या, अजूनही वाटतात. मशिदीत कुराणावर हात ठेवून शपथ घेतली, आणि मादी टाकीमागे पिंजऱ्यात. सोडली तर रुश्दीच्या गच्चीवर जाईल म्हणून एकदाही उडवली नाही, नुसती जवळ ठेवली, पायातला मणीसुद्धा काढला नाही. बरं, ठेवली ती ठेवली. मग त्या दिवशीही टाकीमागेच राहू द्यायची होती. कोण बघायला जात होतं? पण नाही. सगळी म्हणजे सगळी. जन्मात एकदा त्या गाढवाला पुरतं प्रामाणिक व्हायचं होतं, आणि तो मुहूर्त त्याला तेव्हा सापडला.

मुअय्यदने ती मादी पोराच्या हातातून घेतली. चालत खांबाकडे गेला, रुश्दीच्या डोळ्यांवरची चिंधी वर सरकवली. "ही कुणाची रे?"

रुश्दीला आधी उजेडात काही दिसेना. एक डोळा तर बंदच झाला होता. मग त्याला मणी दिसला.

त्याने तेव्हा काय बोलायला हवं होतं, ते मी इतकी वर्षं मनात बोलत आले आहे. काहीही बोलला असता. ओळखत नाही म्हणाला असता. गप्प बसला असता. समोर एकच माणूस त्याचा जीव वाचवायला उभा होता. पण तोही शेवटी कबुतरवालाच.

"खोटारड्या," तो जौदतवर ओरडला. फुटलेल्या तोंडाने, रक्त उडवत. "शपथ घेतली होतीस. कुराणावर घेतली होतीस. खोटारड्या, माझी नवरी मारलीस."

चौकात असा हशा उठला की मशिदीवरची पाखरं उडाली. लोक पोट धरून हसत होते. मुअय्यद हाजीकडे वळला. "हाजी, आता तर आरोपीच म्हणतो की साक्षीदार खोटारडा आहे."

हाजी बर्हूमने मान खाली घातली. "खोटी शपथ माझ्याच समोर घेतली होती," एवढंच तो म्हणाला.

जौदत बोलत होता. "तेव्हा खोटं बोललो, आज खरं बोलतोय," असं पुन्हा पुन्हा म्हणत होता, पण हशात कुणाला ऐकू गेलं नाही. रुश्दीचा राग तेवढ्यात उतरला असावा. त्याने मान हलवून काहीतरी बोलायचा प्रयत्न केला. "थांबा, तो... ऐका, तो खरं..." असं मला ऐकू आलं. मला वाटतं आपण काय केलं ते त्याला कळलं होतं. पण रस्त्याच्या टोकाला तेव्हाच आरडाओरडा झाला. ईहाबची प्रेतयात्रा आली होती, झेंडे, बंदुका, त्याची आई पुढे. मुअय्यदने चिंधी परत खाली ओढली.

पहिली गोळी पोटात मारली. मुद्दाम. ईहाबच्या आईला पुढे आणलं, तिला बघू दिलं, तिने चप्पल काढून मारली, बायकांनी जिभा हलवून आनंदाचा गजर केला, आणि तेवढा वेळ तो जिवंत होता. मग दुसरी गोळी. मग ज्याच्या हातात जे होतं त्याने ते. पायाला दोरी बांधून खांबावर उलटा टांगला, संध्याकाळपर्यंत टांगलेला होता, आणि लोक येऊन थुंकून जात होते. जौदतला चार पोरांनी धरून तोंडात मेलेली कबुतरं कोंबली, घुम म्हणाले, घुम. मी त्याला सोडवायला गेले तेव्हा माझ्या डोक्यावरची ओढणी ओढून काढली. ज्यांनी ओढली त्यांच्या आया मला अजून सलाम करतात.

खबऱ्याला अंघोळ घालत नाहीत. त्याच्यावर नमाज पढत नाहीत. त्याच्यासाठी कडू कॉफी उकळत नाहीत, शोकाच्या खुर्च्या मांडत नाहीत. कब्रस्तानात जागा मिळाली नाही, म्हणून आईने आणि बायकोने हातगाडीवर घालून त्याला दगडाच्या खाणीपलीकडे नेला आणि पुरला. त्याची कबुतरं मात्र पोरांनी अल्लाचं नाव घेऊन नीट कापली. दुसऱ्या दिवशी गल्लीत भात भरलेल्या कबुतरांचा वास येत होता, दालचिनीसकट.

पुढे काही वर्षांनी कळलं. ज्याने ईहाबला ती गाडी विकली, त्याने विकतानाच तिच्यात फौजेला ठावठिकाणा कळवणारं यंत्र बसवून दिलं होतं. तो माणूस तोवर बायकापोरांना घेऊन पलीकडे, फौजेच्या मुलखात गेला होता, हैफाच्या बाजूला कुठेतरी सुखात राहतो म्हणतात. सगळ्यांना कळलं, आणि कुणी काही बोललं नाही. जौदतने पुन्हा पाखरू पाळलं नाही. गाद्या शिवायचा, मान खाली घालून चालायचा. आता माझ्या चादरी स्वच्छ असायच्या. मी ढाबळ मोडून तिच्या लाकडांवर भाकऱ्या भाजल्या.

समेट झाला तो लमीसमुळे. रुश्दीची ती रांगती मुलगी लग्नाची झाली, एक चांगलं स्थळ आलं, आणि खबऱ्याची मुलगी म्हणून परत गेलं. तेव्हा रुश्दीची आई, डोळे गेलेली म्हातारी, काठी टेकत दारोदार फिरली. माझ्या मुलाचं नाव धुऊन द्या, म्हणाली. शेवटी वडीलधारे तिच्या घरी यायला तयार झाले. ठरलं असं, की नावावरचा डाग पुसला असं मशिदीच्या कर्ण्यावरून सांगायचं, हाडं खाणीजवळून कब्रस्तानात आणायची, आणि तिने सगळं माफ करायचं. फक्त चार लोकांसमोर एक साक्ष हवी होती, म्हणून जौदतला बोलावलं. मी त्याला पांढरा सदरा इस्त्री करून दिला.

मीही गेले, बायकांबरोबर दाराशी बसले. मुअय्यद आला होता. आता सरकारी खात्यात साहेब आहे, पोट सुटलंय, ढेंगा त्याच. हाजी बर्हूम कधीच वारला. सोबत तरुण वकील होता. लमीसने सगळ्यांपुढे कॉफी ठेवली. आमच्याकडे समेटाला आलेले लोक कॉफीला हात लावत नाहीत. घरचा माणूस "प्या" म्हणाला, की माफी मिळाली. मग सगळ्यांनी प्यायची. एक पेला जरी भरलेला राहिला, तरी समेट झाला नाही असं समजतात.

जौदत उठला. सदऱ्याचं वरचं बटण लावलं. "सांगायच्या आधी एक," तो म्हणाला. "त्या दिवसापासून माझ्याकडे एकही कबुतर नाही. हवं तर घर बघा."

वकील त्याच्या तोंडाकडे बघत राहिला. "काका, कबुतराचा काय संबंध?"

"कबुतरवाल्याची साक्ष चालत नाही ना."

"कोण म्हणतं? साक्ष ती साक्ष. तुम्ही बोला."

मुअय्यद हसला. वाईट नाही हसला, जुन्या ओळखीतल्या माणसासारखा हसला. "अरे जौदत, ते अजून धरून बसलायस? ती म्हाताऱ्यांची बडबड. आम्ही तरी कुठे मानत होतो? ईहाबचं प्रेत फौजेने नाक्यावर अडकवलं होतं, प्रेतयात्रा येत नव्हती. तिच्यासमोरच करायचं ठरलं होतं सगळं. तोवर लोकांना काहीतरी हवं होतं, नाहीतर पांगले असते."

जौदतने लावलेलं बटण पुन्हा काढलं.

"म्हणजे मी पाखरं मारली नसती तरी..."

"तरी तेच."

"आणि नवरी टाकीमागे राहिली असती तरी..."

"तरी तेच झालं असतं रे. बोल आता, काय पाहिलंस ते सांग, लोकांना कामं आहेत."

जौदतने सांगितलं. अजान, पांढरा नर, टाकी, हेलिकॉप्टर. शब्द तेच. वकील मान हलवत होता. म्हातारीने आंधळे डोळे मिटले आणि म्हणाली, "प्या. तुमची कॉफी प्या." सगळ्यांनी पेले उचलले. जौदतचा पेला तसाच राहिला.

मुअय्यदने पाहिलं. "काय रे? तुझं काय देणं लागतो आम्ही? तुझं कोण मेलं होतं?"

माझा भाऊ काय सांगणार होता, कबुतरं? लमीस किटली धरून दारात उभी होती. म्हातारीला दिसत नव्हतं, पण सगळं कळत होतं. ती म्हणाली, "जौदत बाळा, पी रे. माझी नात आहे."

त्याने पेला उचलला आणि निवलेली कॉफी एका घोटात प्यायली. सगळे उठले, एकमेकांच्या गळ्यात पडले, मुअय्यद त्याच्याही गळ्यात पडला.

घरी येताना तो गल्लीच्या तोंडाशी थांबला आणि गटारावर वाकून सगळं ओकला. मी त्याचं कपाळ धरलं, मग घरातून पाणी आणून तिथे ओतलं.